नकार तिने दिलाच नव्हता

पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक हमखास खुनाची गोष्ट विचारतात. खून मी पाहिले, दरोड्याचे तपासही केले. ते सगळे आता आठवावे लागतात. एक घटना मात्र न आठवताच समोर येते, आणि आली की आजही डोकं तापतं. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. कोणाच्या घरातून सुतळीचा तोडाही चोरीला गेला नव्हता. एका मुलीचं ईमेल खातं गेलं होतं, एवढंच.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी बुलढाण्याला सायबर गुन्ह्यांच्या तपासाला होतो. नाव मोठं, पण दोन खोल्या, मोजके संगणक आणि बाहेर बाकावर सदैव बसलेली माणसं. सकाळी हजेरी झाली, आदल्या दिवसाची डायरी पाहिली की तक्रारदार सुरू. कोणी ओटीपी सांगून बसलेला, कोणाच्या नावाने खोटं फेसबुक चालू. बहुतेकांचा पहिला शब्द 'साहेब, माझं चुकलं' हाच असायचा. फसवल्या गेलेल्या माणसाला आपण आधीच इतकं लाजवून सोडलेलं असतं, की तो फिर्याद द्यायलाही आरोपीसारखा येतो.

ही मुलगी तशी आली नाही. ती सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसली. सोबत तिची आई होती, अंगणवाडी सेविका, चिखली तालुक्यातल्या एका गावची. वडील लहानपणीच वारलेले. मोठी बहीण लग्न होऊन जवळच्याच गावात दिलेली. ही धाकटी अकोल्याला शेतकी शिकली. मातीचा विषय घेऊन पुढची पदवी काढली. खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याने बिघडलेल्या जमिनी हा तिचा अभ्यास. वडनेर भोलजीच्या बाजूला शेताशेतांतून पिशव्यांत माती भरून ती बसने न्यायची, आणि कंडक्टर विचारायचे, बाई, हे काय वाहून राह्यल्या?

त्या अभ्यासावर एका परदेशी विद्यापीठाने तिला पूर्ण शिष्यवृत्ती देऊन पुढच्या संशोधनासाठी बोलावलं होतं. गावातल्या विहारात तिचा सत्कार झाला. बसस्टँडवर तिच्या फोटोचं फ्लेक्स लागलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं ईमेल उघडेनासं झालं. पासवर्ड बदललेला, तिचा मोबाइल क्रमांक खात्यावरून काढून टाकलेला. प्रवेशाचा सगळा व्यवहार त्याच खात्यावर होता.

आधी ती तालुक्याच्या एका ठाण्यात जाऊन आली होती. तिथे तिला सांगण्यात आलं, ईमेलच गेलं ना, दुसरं काढून घ्या, फुकटच मिळते. हे तिने मला कुरकुर न करता सांगितलं. मला मात्र माझ्या वर्दीची लाज वाटली.

दुसरं खातं तिने काढलंच होतं. त्यावरून विद्यापीठाच्या कार्यालयाला लिहिलं की माझं जुनं खातं हातात नाही. तिकडून उत्तर आलं, या नावाच्या उमेदवाराने आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून प्रवेश नाकारल्याचं आम्हाला कळवलेलं आहे. काही म्हणणं असल्यास त्याच ईमेलवरून लिहावं.

तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "साहेब, मी नाही म्हटलंच नाही. माझ्या नावानं कोणीतरी म्हटलं."

तेव्हा मला कळलं की हे कोणा परक्या चोराचं काम नाही. परका चोर खातं फोडतो ते पैसे काढायला किंवा ओळखीच्यांकडे मागायला. दुसऱ्याचा प्रवेश नाकारून त्याला काय मिळणार? हे काम ओळखीच्या माणसाचं होतं, आणि त्याला काही मिळवायचं नव्हतं, तिचं घालवायचं होतं.

फिर्याद नोंदवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दुसऱ्याची ओळख चोरून वापरल्याचा गुन्हा दाखल केला. आता ज्या कंपनीचं ते ईमेल, तिला एवढंच विचारायचं होतं की खात्यात शेवटचं कोण शिरलं, कुठून शिरलं, आणि आता कोणता क्रमांक जोडलेला आहे. त्यांच्या यंत्राला हे शोधायला क्षण लागत नाही.

ग्राहक सेवा नावाची वस्तू मी त्या वेळी जवळून पाहिली. मुलगी आधीच तिच्यापुढे डोकं आपटून आली होती. खातं परत मिळवण्याचा अर्ज भरला की संगणक विचारायचा, खातं कोणत्या महिन्यात काढलं? आधीचा पासवर्ड कोणता? ती सगळं बरोबर सांगायची, आणि उत्तर यायचं, हे खातं आपलंच आहे याची आम्हाला खात्री करता आली नाही. मग कोड पाठवतो म्हणायचे, आणि तो कोड जायचा चोराने जोडलेल्या क्रमांकावर. आपल्याच घराचं कुलूप चोराने बदलावं आणि घर बांधणाऱ्याने म्हणावं, किल्ली असेल त्यालाच आम्ही मालक समजतो. फोन करायला क्रमांक नाही. जायला कार्यालय नाही. इंटरनेटवर शोधून तिने एका 'मदत क्रमांका'वर फोन लावला, तर तो भलत्याच भामट्याचा निघाला. तो तिला मोबाइलमध्ये काहीतरी उतरवून घ्यायला सांगत होता. ती सावध होती म्हणून वाचली.

मी स्वतः माझ्या ऑपरेटरला घेऊन बसलो. पडद्यावर एक खिडकी उघडली आणि शुद्ध मराठीत विचारती झाली, 'मी आपली काय मदत करू शकते?' आम्ही लिहिलं, पोलीस तपास आहे, माणसाशी बोलायचं आहे. खिडकी म्हणाली, 'पासवर्ड विसरलात का?' पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. माझा ऑपरेटर शांत स्वभावाचा माणूस, पण त्यानेही कीबोर्ड बाजूला सारला.

मग कायद्याप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रीतसर नोटीस पाठवली. उत्तर आलं की नोटीस विहित नमुन्यात नाही. विहित नमुन्यात पाठवली. उत्तर आलं की आपली विनंती रांगेत आहे. स्मरणपत्र पाठवलं, तर त्याच्या उत्तरात आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात हे तारे देऊन कळवा असं आलं. तो कागद मी फाईलला लावला. वरिष्ठांनी विचारलं तर दाखवायला.

माझा राग यंत्रावर नव्हता. गावातल्या अंगणवाडीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना ज्यांनी आपलं ईमेल वापरायला लावलं, त्यांनी एका दाराशी तरी माणूस बसवू नये, याचा तो राग होता. माझ्या ठाण्यात रात्रीबेरात्री कोणी आलं तर अंमलदाराला उठून विचारावं लागतं, काय झालं? नाही विचारलं तर आम्हाला मेमो मिळतो. यांना कोण मेमो देणार?

इकडे मी माझ्या पद्धतीने माणसं तपासत होतो. खातं मुळात कोणी काढून दिलं, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, भाऊजींनी. मोठ्या बहिणीचा नवरा. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. ती अकरावीत असताना त्याने खातं काढून दिलं, पुढे कॉलेजचे, परीक्षांचे सगळे फॉर्म त्यानेच भरले. पासवर्ड त्याला माहीत होता? हो, घरचाच माणूस. आणि खातं गेल्यावर ते परत मिळवायचे अर्जही तिच्या शेजारी बसून त्यानेच भरले होते. तिला पाणी देत, धीर देत.

मी त्याला बोलावून घेतलं. चाळिशीकडे आलेला, नीटनेटका, बोलायला हुशार. स्पर्धा परीक्षांत बरीच वर्षं घालवून मग सेंटर काढलेलं. घाबरला नाही. उलट मलाच समजावू लागला की परदेशी हॅकर असतात साहेब, त्यांना अशी खाती लागतात. सेंटरमधले संगणक पाहा म्हणाला, आम्ही पाहिले, काही मिळालं नाही. त्याच्या मोबाइलचे तपशील मागवले, त्यातही वावगं नव्हतं. निघताना म्हणाला, "आता जाऊ द्या साहेब. पोरीच्या नशिबात नव्हतं. इथंच एखादी नोकरी लागंल तिले."

त्या बोलण्याने माझा संशय पक्का झाला. ज्याचं नुकसान झालं तो नशिबाचं नाव शेवटी घेतो. याने ते फारच लवकर घेतलं. पण संशय न्यायालयात चालत नाही, आणि पुरावा ज्यांच्या हातात होता ते आम्हाला तारे द्यायला सांगत होते.

तिकडे प्रवेश पक्का करायची मुदत संपत आली होती. एका संध्याकाळी मायलेकी पुन्हा आल्या. मी मुलीला विचारलं, त्या विद्यापीठात तुझा चेहरा पाहिलेलं कोणी आहे का? कार्यालय सोड, माणूस सांग. तिने आठवून सांगितलं की तिची मुलाखत व्हिडिओवर झाली होती, मातीच्या विभागातल्या एका वयस्क प्राध्यापक बाईंनी घेतली होती. विभागाचा दूरध्वनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर होता. तिकडे तेव्हा सकाळ होती. माझ्या टेबलावरून फोन लावला, कोणी उचलला, जोडून दिला, आणि चक्क माणसाचा आवाज आला. मुलीने नाव सांगितलं. बाईंनी दुसऱ्या वाक्याला तिला ओळखलं, आणि व्हिडिओवर ये म्हणाल्या.

ऑपरेटरने जोडणी करून दिली. बाई इंग्रजीत बोलत होत्या. मला सगळं नाही तरी बरंच कळत होतं. त्या म्हणाल्या, तुझा नकार वाचून मला वाईट वाटलं, पण तुझी अडचण समजली. बहिणीला दिवस गेले आहेत आणि तिच्याजवळ राहणारं कोणी नाही, हे खरंच मोठं कारण आहे. आता कशी आहे तुझी बहीण?

तिने आईकडे पाहिलं. मराठीत विचारलं, "माय, ताईले दिवस गेले?"

आईने मान हलवली. तिला काहीच माहीत नव्हतं. "नाही बाप्पा. मले तर कोणी नाही सांगितलं."

मी बाईंना थोडक्यात समजावून सांगायला मुलीला सांगितलं. बाई ऐकत गेल्या, मग त्यांनी एवढंच विचारलं की तुझ्याशेजारी बसलेले पोलीस आहेत का. मी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या म्हणाल्या, मला ही मुलगी ठाऊक आहे, मी कार्यालयाशी बोलते. कंपनीला इतक्या अर्जांतून जी खात्री पटली नव्हती, ती या बाईंना एकदा चेहरा पाहून पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी महिला अंमलदाराला घेऊन मोठ्या बहिणीच्या घरी गेलो. नवरा सेंटरवर गेलेला असेल अशी वेळ निवडली होती. बाई तिशीच्या आतबाहेरच्या. दहावीनंतर शाळा सुटली, धाकटीला शिकवायचं म्हणून आईबरोबर शेतात रोजाने गेलेल्या. आधी मी बाहेर थांबलो, अंमलदाराने आत बोलणं काढलं. मग त्यांनीच मला आत बोलावलं.

मी विचारलं, ताई, तुम्हाला दिवस आहेत हे कोणाकोणाला माहीत आहे?

त्या चपापल्या. म्हणाल्या, आधी दोनदा दिवस राहिले अन् टिकले नाहीत, म्हणून या खेपेला पोट दिसू लागेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. आईलाही नाही. दवाखान्यातही बुलढाण्याला जाऊन आलो, गावात नको म्हणून.

"म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या नवऱ्याला. तिसऱ्या कोणालाही नाही?"

"नाही साहेब."

मी त्यांना सांगितलं की तुमच्या बहिणीच्या नावाने जो नकार गेला, त्यात कारण हे दिलं आहे. त्या रडल्या नाहीत. मग अंमलदाराला म्हणाल्या, "लिहून घ्या बाई. मी सही करते."

मी त्यांना समजावलं की सही केल्यावर संसाराचं काय होईल याचा विचार करा. पोलिसाने असं सांगू नये, पण मी सांगितलं. त्या म्हणाल्या, विचार झाला.

दुपारी नवऱ्याला ठाण्यात आणलं. तो पूर्वीसारखाच ऐटीत बसला. मी खात्याचं, पासवर्डचं, संगणकाचं नावच काढलं नाही. पाणी दिलं, आणि म्हटलं, अभिनंदन, घरात लेकरू येणार म्हणे.

त्याचा चेहरा उतरला. "तुमाले कोणं सांगितलं?"

"परदेशातल्या एका मॅडमनी. त्यांना तुम्हीच कळवलं होतं ना?"

तो उठून उभा राहिला, परत बसला. मी काही बोललो नाही. चौकशीत आपण बोलायचं थांबलो की समोरचा बोलायला लागतो, हे मला जुन्या हवालदारांनी शिकवलं होतं. तो बोलू लागला, आणि थांबेना. सेंटरवर ती एकदा मोबाइल विसरली तेव्हा खात्यात शिरून क्रमांक बदलला. नकाराचं पत्र खरं वाटावं म्हणून घरातलंच खरं कारण लिहिलं. लबाडी करताना आधाराला म्हणून त्याने हे खरं घेतलं, आणि त्यातच सापडला. नवा क्रमांक कोणाचा जोडला, विचारल्यावर त्याने खाली पाहिलं. घरात पडून असलेलं एक जुनं सिम होतं. ते बायकोच्या नावावर होतं.

म्हणजे कंपनीने वेळेवर उत्तर दिलं असतं तर पहिलं नाव त्या गरोदर बाईचं आलं असतं. हे त्याला माहीत होतं, आणि तरीही त्याने ते सिम वापरलं होतं.

मी विचारलं, काऊन केलं हे? तिने तुझं काय बिघडवलं होतं?

तो म्हणाला, "विहारात सत्कार झाला. तिनं मायचं नाव घेतलं, ताईचं घेतलं, मास्तरांचं घेतलं. माझं नाही घेतलं. एवढे फॉर्म भरले मी तिचे. साधं नाव नाही घेतलं, साहेब."

नोकरीत मी भुकेपोटी चोरी करणारे पाहिले, जमिनीच्या बांधावरून डोकी फोडणारे पाहिले. त्यांचा राग आला तरी कुठेतरी समजायचं. या माणसाला पाहून मला उठून खोलीबाहेर जावं लागलं. भाषणात नाव आलं नाही म्हणून याने एका पोरीचं आयुष्य पुसायला घेतलं, आणि पुसताना तिच्या डोळ्यांतलं पाणीही शेजारी बसून पाहिलं.

पंचांसमक्ष सिम आणि ते घातलेला जुना मोबाइल जप्त केला. तांत्रिक पंचनामा करून त्याच मोबाइलवर कोड मागवला आणि खातं मुलीच्या ताब्यात दिलं. कंपनीच्या लेखी ती तेव्हा कुठे खरी ठरली, कारण आता चोराचा मोबाइल आमच्या हातात होता.

अटक झाल्यावर दोन दिवसांत माणसं यायला लागली. सासरकडची मोठी माणसं, एक माजी सरपंच, ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. सगळ्यांचं म्हणणं एकच, घरचं प्रकरण आहे, साहेब, घरातच मिटवा. पोरीचं खातं मिळालं ना परत? मी त्यांना विचारलं, आणि तिची जागा? मग ते आईकडे गेले. आई डळमळली. मोठीच्या पोटातल्या लेकराचं काय, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता.

ती मोठीला घेऊन माझ्याकडे आली. मोठीने तोवर सिमची गोष्ट ऐकली होती. ती आईला म्हणाली, "तो पकडला गेला नसता तर पोलीस मले घेऊन गेले असते, माय. मले अन् या लेकराले." आईने मग पुन्हा मिटवायचं नाव काढलं नाही. मोठीने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तोच जबाब दिला, एक शब्द न बदलता.

प्राध्यापक बाईंनी शब्द पाळला, पण त्या वर्षीची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. आमचं पत्र आणि गुन्ह्याची प्रत पाहून विद्यापीठाने मुलीला पुढच्या तुकडीत घेतलं. तिचं एक वर्ष गेलं. ते वर्ष तिने पुन्हा खारपाणपट्ट्यात माती गोळा करण्यात घालवलं आणि मग गेली. मोठी माहेरीच राहिली. तिला मुलगी झाली. खटला अजून तारखांवर आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर कितीतरी दिवसांनी कंपनीचं शेवटचं उत्तर आलं, दिलेल्या माहितीवरून खातेदाराची ओळख निश्चित करता आली नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे.

निवृत्तीनंतर मला शाळा-कॉलेजांत सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. पासवर्ड कोणाला सांगू नका, हे मी सांगतोच. जानेफळच्या बाजूला एका कार्यक्रमात मी नावं न घेता ही हकीकत सांगितली, तर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण साहेब, त्या पोरीनं पासवर्ड दिलाच कायले?"

मी त्यांना म्हटलं, अकरावीतल्या पोरीने आपल्या बहिणीच्या नवऱ्यावर विश्वास ठेवला. यात तिची चूक कुठे झाली ते मला दाखवा. तुम्ही विचारणार असाल तर त्याला विचारा, तू शिरलासच काऊन. त्या कंपनीला विचारा, दाराशी माणूस काऊन बसवला नाही. या दोघांना कोणीच विचारत नाही. सगळे पोरीलाच विचारतात, कारण ती समोर बसलेली असते आणि उत्तर देते.

सभागृहात मागे मुली बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली आणि म्हणाली, साहेब, तुमचा फोन नंबर फळ्यावर लिहून द्या. मी लिहून दिला. अधूनमधून त्यावर फोन येतो, आणि मी उचलतो.